ठाण्यातला आपला माणूस

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस आमच्या देगलूरची माणसे हैदराबादची वाट धरतात, ही रीत जुनी आहे. नांदेड जवळ असले तरी भांडी, सुका मेवा आणि फराळाचा किराणा घ्यायचा तो बेगम बाजारातच, असे आमच्या घरात ठरून गेलेले. पूर्वी बस गौळीगुड्याच्या त्या भल्यामोठ्या गोल छपराखाली थांबे. ते छप्पर २०१८ मध्ये कोसळले, पण आमच्या पिढीला हैदराबाद म्हटले की आधी तेच आठवते. तेथून अफझलगंजवरून चालत निघाले की पंधरा मिनिटांत बेगम बाजार. माझे मामा तेथे एका मारवाडी पेढीवर मुनीम होते. पेढीच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या, आणि वरच्या मजल्यावर एक पोलिस शिपाई भाडेकरू. आम्ही मुले त्यांना जमादारकाका म्हणायचो. खरी जमादारकी, म्हणजे हेड कॉन्स्टेबलची फीत, त्यांना मिळायला पुढे फार वर्षे लागली.

१९९२ च्या दिवाळीतली गोष्ट. भांड्यांच्या गल्लीत आईच्या हातातून माझी पाच वर्षांची बहीण सुटली. हातगाड्या, हमाल, डोक्यावर पोती, त्यात लहान पोर कोठे दिसणार? अर्धा तास शोधून आई एका ठाण्यात गेली. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तेथे जे घडले ते कोणत्याही ठाण्यात घडू शकते. आईला मराठी येत होते आणि सीमेवरचे मोडकेतोडके तेलुगू. टेबलामागच्या माणसाने ‘कहाँ के हो?’ एवढेच विचारले, आणि ‘देगलूर’ म्हटल्यावर ‘बैठो’ म्हणून तो आपल्या कागदात शिरला. आई बाकावर बसून रडत राहिली. शेवटी मामीने जमादारकाकांना गाठून आणले. त्यांनी आईशेजारी बसून, मामीकडून शिकलेल्या आपल्या विचित्र मराठीत, एकेक गोष्ट विचारून घेतली: परकर कोणत्या रंगाचा, पायात काय, नाव विचारले तर सांगते का. तासाभराने बहीण एका बदाम-मनुक्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसलेली सापडली.

हे जमादारकाका मूळचे गुंटूरकडचे. १९८३ मध्ये शहर पोलिसांत भरती झाले तेव्हा त्यांना उर्दू येत नव्हते, मराठीचा तर प्रश्नच नव्हता. आमच्या आईला ‘बैठो’ म्हणणारा मनुष्य मात्र याच शहरात जन्मलेला होता.

ही आठवण मी बरीच वर्षे एका सोप्या बोधकथेसारखी सांगत असे: माणुसकी महत्त्वाची, प्रांत नव्हे. २००९ च्या हिवाळ्यात मामांच्या घरी गेलो आणि बोधकथा इतकी सोपी नाही, हे कळले.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला होता. पोलिसांच्या नोकरीविषयक तंट्यातून निघालेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की हैदराबाद शहर पोलिसांतली पदे कोणत्याही एका विभागाच्या स्थानिकांसाठी राखलेली नाहीत, ती साऱ्या आंध्र प्रदेशाला खुली आहेत. वर्तमानपत्रांच्या भाषेत हैदराबाद हा ‘फ्री झोन’ ठरला. तेलंगणात वणवा पेटला. २१ ऑक्टोबरला सिद्दिपेटला नोकरदारांचा प्रचंड मेळावा झाला, २९ नोव्हेंबरला के. चंद्रशेखर राव उपोषणाला निघाले, आणि ९ डिसेंबरच्या रात्री दिल्लीहून वेगळ्या राज्याची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा झाली. एका राज्याचा जन्म व्हायला अनेक कारणे लागतात, पण त्या वेळची ठिणगी शहराच्या पोलिस दलात कोणी शिरायचे या वादातली होती, हे विसरू नये.

माझा मामेभाऊ तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा, शिपाईभरतीसाठी पहाटे उठून धावणारा. तो जेवताना मोठ्याने म्हणाला, “दादा, आमच्या जागा हे लोक खातात.” आणि वरच्या मजल्याकडे बोट केले. मामीने ताटात वाढता वाढता हात आवरला. मामा म्हणाले, “हळू बोल.” पण मुलगा चुकीचे बोलत नव्हता, हीच अडचण होती.

हा वाद समजून घ्यायला जरा मागे जावे लागते, आणि मागे गेले की आपण मराठी माणसेही त्यात सापडतो. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिकलेले लोक वरच्या जागांवर बसत. त्याविरुद्धच्या कुरबुरीतून मुलकी आणि गैरमुलकी हे दोन शब्द रूढ झाले. १९१९ च्या सुमारास मुलकी नियम पक्के झाले. बाहेरच्याला मुलकी व्हायचे तर पंधरा वर्षे राज्यात वास्तव्य हवे, आणि शिवाय मूळ गावी परत जाण्याचा विचार सोडला आहे असे लिहून द्यायला हवे. ही दुसरी अट मला नेहमी विचारात पाडते. नोकरीच्या बदल्यात माणसाकडून त्याचे परतीचे तिकीट मागितले जात होते.

मराठवाड्यातला मराठी माणूस त्या काळी जन्मानेच मुलकी. नांदेड, परभणी, औरंगाबाद, बीड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे त्याच राज्यात होते. पण मुलकी असणे निराळे आणि वर चढणे निराळे. चढण्याच्या शिडीची भाषा उर्दू होती. मराठी, तेलुगू, कानडी घरातला मुलगा ती शिकला तर अमीन होई, फार तर मोहतमीम. या शिडीवरून शेवटच्या पायरीपर्यंत गेलेला एक माणूस हैदराबाद अजून विसरलेले नाही. राजा बहादूर वेंकटराम रेड्डी अमीन म्हणून पोलिसांत शिरले आणि १९२० मध्ये शहराचे कोतवाल झाले. ते त्या पदावरचे पहिले हिंदू. १९३४ पर्यंत ते कोतवाल होते. मला त्यांच्या पदापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. कोतवाल होण्याच्या दोन वर्षे आधी, १९१८ मध्ये, खेड्यातल्या मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून त्यांनी रेड्डी वसतिगृह उभे करण्यात पुढाकार घेतला. आपण चढलो ती शिडी आपल्यामागे ओढून घ्यायची नाही, एवढे त्यांना उमगले होते.

सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर शिडी बदलली. मद्रास, मुंबई, मध्य प्रांत येथून अधिकारी आले, आणि निजामाच्या नोकरीतल्या अनेक मुसलमानांच्या जागा गेल्या. आपल्या घरांत रझाकारांच्या आठवणी इतक्या ताज्या होत्या की या दुसऱ्या बाजूचा विचार करायला कोणाला सवड नव्हती. १९५२ मध्ये पुन्हा मुलकीचा प्रश्न पेटला. ‘गैरमुलकी परत जा’ म्हणत विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ३ व ४ सप्टेंबरला बेगम बाजारापासून मुसीच्या पलीकडे, सिटी कॉलेजाच्या परिसरात गोळीबार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यच विभागले गेले. आमचे देगलूर मुंबई राज्यात गेले, मामांचे बेगम बाजार आंध्र प्रदेशात राहिले. कालपर्यंत एका मुलखाची असलेली बहीण-भावंडे एकमेकांसाठी गैरमुलकी झाली. कोणी जागचे हलले नव्हते, रेषा तेवढी हलली होती. सीमेवरच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे १९६९ चे तेलंगण आंदोलन झाले, १९७३ मध्ये सहा कलमी सूत्र आले, आणि १९७५ मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला. राज्याचे विभाग पाडून प्रत्येक विभागातल्या बहुतेक जागा तिथल्या स्थानिकांना दिल्या गेल्या. पण त्याच आदेशाच्या चौदाव्या परिच्छेदात काही पदे वगळली होती, आणि त्यांत हैदराबाद शहर पोलिसांची पदे होती. राजधानी सर्वांची, तर तिचे पोलिसही सर्वांचे, हा त्यामागचा विचार. त्याच फटीतून जमादारकाका १९८३ मध्ये आत आले. ऑगस्ट २०१० मध्ये राष्ट्रपतींनी ती फट बुजवली.

आता दोन्ही बाजू नीट मांडून पाहू.

मामेभाऊ म्हणत होता ते असे: ठाण्यात बसणारा माणूस आमच्या गल्लीतला असावा. त्याला आमची बोली कळावी, आमचे सण कळावेत, कोणाचा कोण हे कळावे. शिवाय आमच्याकडे जमीन नाही, कारखाना नाही. खाकी ही आमच्यासारख्यांच्या घरात येणारी एकमेव पक्की नोकरी, आणि तीही बाहेरचा घेऊन जाणार असेल तर आम्ही कोठे जायचे? या म्हणण्याला उत्तर नाही.

जमादारकाका म्हणत, तेही असे की उत्तर सापडू नये. जेवणानंतर मी वर गेलो तेव्हा ते गॅलरीत बसले होते. खालचे सारे त्यांनी ऐकले होते. म्हणाले, “मास्तर, सव्वीस वर्षे या गल्ल्यांत रात्रपाळी केली. दंगलीत दगड खाल्ला, तेव्हा दगडाने विचारले नाही की तू कोणत्या झोनचा.” मग थोडे थांबून, आपल्याच घराकडे मान वळवून म्हणाले, “आणि माझा पोरगा इथला आहे. कायद्यानेच आहे.”

ते खरे होते. १९७५ च्या आदेशात स्थानिक कोण, हे ना मातृभाषेवर ठरत होते, ना जातीवर, ना आजोबांच्या गावावर. मुख्य कसोटी शाळेची होती: परीक्षेआधीची सलग चार वर्षे तू कोणत्या भागात शिकलास? आता तेलंगणात लागू असलेल्या २०१८ च्या आदेशातही पहिली ते सातवीची शाळाच पाहतात. त्यामुळे जांबागच्या विवेक वर्धिनीत मराठीतून धडे गिरवलेला माझा मामेभाऊ स्थानिक, आणि हैदराबादच्या शाळेत शिकलेला गुंटूरच्या जमादाराचा मुलगाही तितकाच स्थानिक. बाप मात्र बाहेरचा. २०१० मध्ये ती फट बुजल्यावर मुलाने उपनिरीक्षकाच्या परीक्षेचा अर्ज भरला, आणि ‘स्थानिक’ या रकान्यात हो लिहिले. ज्या वाटेने बाप आला ती वाट बंद झाल्याचा फायदा त्याच्याच मुलाला होणार होता. जमादारकाका हसून म्हणाले, “सही मीच दाखवली, कोठे करायची ते.”

या शाळेच्या कसोटीत मला एक मोठे शहाणपण दिसते. कायदे लिहिणाऱ्यांच्या मनात ते होते की नव्हते कोण जाणे, पण त्यांनी आपलेपणा रक्तात शोधला नाही, बाकावर शोधला. ज्या गावच्या मुलांबरोबर तू पाढे म्हटलेस, भांडलास, मार खाल्लास, त्या गावचा तू. असा आपलेपणा मिळवता येतो, आणि म्हणून तो दुसऱ्याला नाकारता येत नाही.

पण भरतीचा दरवाजा एक, आणि आतला जिना दुसरा. अमेरिकेत अलाबामा राज्याच्या पोलिसांत ३७ वर्षे एकही काळा शिपाई नव्हता. १९७२ मध्ये न्यायालयाने हुकूम केला, आणि प्रत्येक गोऱ्यामागे एक काळा असे उमेदवार घ्यायला लावले. दरवाजा उघडला. पण कित्येक वर्षांनी पाहिले तर वरच्या पदांवर काळा माणूस कोणी नाहीच. शेवटी बढतीसाठीही तोच एकास एक नियम लावावा लागला, आणि १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी उचलून धरला. त्या चार न्यायमूर्तींचा विरोध दुष्टपणाचा नव्हता. वर्षानुवर्षे रांगेत उभ्या असलेल्या एका निर्दोष गोऱ्या शिपायाचे काय, हा प्रश्न खरा होता. उत्तर आयर्लंडात पोलिस दलात कॅथलिक लोक जेमतेम आठ टक्के होते. तेथे २००१ ते २०११ अशी दहा वर्षे अर्धे कॅथलिक आणि अर्धे इतर अशी भरती केली. प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास गेले, आणि मग नियम काढून घेतला. उपाय औषधासारखा घेतला आणि मात्रा संपल्यावर थांबवला, हे मला त्यातले महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडचा जिना मुळातच अरुंद आहे. पोलिस दलात शिपाई वेगळा भरतात, उपनिरीक्षक वेगळा, उपअधीक्षक वेगळा, आणि आय.पी.एस. थेट दिल्लीहून येतो. प्रत्येक मजल्याला बाहेरून स्वतंत्र दार आहे, म्हणून खालच्याला वरचा मजला क्वचितच दिसतो. शिपाई तीस-पस्तीस वर्षे राबून एक किंवा दोन फिती घेऊन घरी जातो. १९७७ मध्ये नेमलेल्या धर्मवीर आयोगाने शिपायांना बढतीच्या वाटा मोकळ्या करा, असे सांगितले होते. ते पुरतेपणी झाले नाही. जिथे पायऱ्याच चार, तिथे स्थानिक आणि बाहेरचा एकमेकांचे पाय ओढणारच. माझा भाऊ आणि जमादारकाका यांचे भांडण एकमेकांशी आहे असे दोघांना वाटत होते, पण दोघेही एकाच अरुंद जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

आणि या साऱ्या गलक्यात बेगम बाजाराचे आणखी एक शेजारी कोणाच्या हिशेबात नव्हते. मुसी ओलांडली की मुसलमान वस्ती दाट होत जाते. २००६ च्या सच्चर समितीने आय.पी.एस. मधले मुसलमानांचे प्रमाण चार टक्के दाखवले, लोकसंख्येत ते तेरा टक्क्यांवर असताना. मुलकी-गैरमुलकीच्या वादात ते बहुतेक मुलकीच, पण ठाण्यातल्या बाकावर बसल्यावर त्यांना आपले ऐकले जाईल असे किती वेळा वाटत असेल? मी त्या बाकावर आईला रडताना पाहिले आहे, म्हणून विचारतो.

तर मग न्याय काय? मला जे वाटते ते थोडक्यात असे. भरतीच्या दारावर स्थानिकाला अग्रक्रम असावा. त्यात त्याच्या पोटाचा प्रश्न आहेच, पण मुख्य म्हणजे ठाण्याला कान मिळतात. जमादारकाकांना आमची बोली शिकायला नऊ वर्षे लागली, स्थानिक शिपायाला ती पहिल्या दिवशी येते. मात्र एकदा आत घेतलेल्या माणसाच्या बढतीच्या वेळी त्याने या गल्ल्यांत काय केले हे पाहावे, तो कोठून आला हे पुन्हा विचारू नये. सव्वीस वर्षांच्या रात्रपाळ्या हे त्याचे शपथपत्र आहे. आणि ज्यांना पिढ्यान् पिढ्या वर येऊच दिले नाही त्यांच्यासाठी जिन्यावर काही काळ हात द्यावा लागला, तर तो द्यावा, पण मुदत ठरवून.

हे लिहिताना मला आपल्याच अंगणात पाहावे लागते. महाराष्ट्र शासन कर्नाटकातल्या ८६५ वादग्रस्त गावांतील मराठी उमेदवारांना आपल्या नोकरभरतीत आपले मानते. त्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. निजामाच्या मुलकी नियमातलीही मुदत पंधराच वर्षांची होती, हा योगायोग मला गमतीचा वाटतो आणि थोडा बोचतोही. बेळगावच्या मुलाला आपण हे देतो ते योग्यच आहे. पण आमच्या देगलूर-बिलोलीकडे पिढ्यान् पिढ्या घरात तेलुगू बोलणारी, आमच्याच शाळांत शिकलेली मुले आहेत. भरतीच्या मैदानावर त्यांना ‘तू तिकडचा’ म्हणून कोणी हिणवले, तर आपल्यापैकी किती जण पुढे होऊन ‘तो इथलाच’ म्हणतील?

जमादारकाका २०१८ मध्ये निवृत्त झाले, हेड कॉन्स्टेबल म्हणूनच. त्यांचे गाव आता दुसऱ्या राज्यात आहे, ते मात्र मुलाजवळ हैदराबादेतच राहतात. मुलगा पोलिसांत गेला नाही, एका कंपनीत आहे. माझा मामेभाऊ मात्र पुढे शिपाई झाला. त्याच्याही फितीचे अजून जमलेले नाही.

गेल्या दिवाळीआधी मी त्याला भेटायला त्याच्या ठाण्यात गेलो. तो टेबलामागे होता. तेवढ्यात एक हमाल आत आला. पाठीला पोत्याची धूळ, अंगाने वाळका, बहुधा ओडिशाकडचा. त्याचा मोबाइल आणि आठवड्याची मजुरी कोणी लांबवली होती. त्याच्या हिंदीतले निम्मे शब्द कळत नव्हते. माझ्या भावाने मान वर न करता विचारले, “कहाँ का है?”

हमालाने गावाचे नाव सांगितले. ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. मी काही बोललो नाही. भावाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या घरात ती १९९२ ची गोष्ट दर दिवाळीला सांगितली जाते. मग त्याने बाकाकडे बोट केले, आणि स्वतःच उठून त्या माणसाशेजारी जाऊन बसला. खिशातले पेन काढून, एकेक शब्द दोनदा विचारत, तो लिहून घेऊ लागला.